कोपरा नसलेलं पत्र

झटकेवाल्याने तीनदा विचारलं, तीनदा मी नाही म्हटलं. चौथ्यांदा तो माझ्याशी न बोलता आपल्या घोड्याशी तमिळमध्ये बोलला, की या वयात उन्हातून पायी निघालेल्या पाट्टीला, म्हणजे आजीला, घरी कुणी विचारत नसणार. मग मी त्याला आमच्या घरातल्या मराठीत दोन शब्द सुनावले. शब्द त्याला कळले नाहीत, सूर कळला. त्याने गाडी वळवली आणि मी छत्री उघडून कुंभकोणमच्या रस्त्याला लागले.

मला पायीच जायचं होतं. माझी थोरली बहीण, अक्का, या गावात एका भजनमठाच्या मागच्या खोलीत राहते. तिचं कार्ड आलं होतं, "यंदा आडीला ये." बाकी कार्ड कोरं. आडी म्हणजे इथला कावेरीला पूर येण्याचा महिना, आणि त्याचा अठरावा दिवस म्हणजे नदीचा सण. पंचेचाळीस वर्षांत अक्काने मला आडीला कधी बोलावलं नव्हतं आणि मीही कधी आले नव्हते. दिवाळीला आले, लग्नामुंजींना आले, आडीला नाही. तिच्यापासून लपवलेली एक गोष्ट माझ्यापाशी होती आणि ती नेमकी या दिवसाची होती. यंदा ती सांगून टाकायची असं ठरवून मी तिरुचिनापल्लीला गाडीत बसले. आधी कावेरीवर जायचं, तिथून गावाच्या पोटातून अरसलार नदीपर्यंत जाणाऱ्या कालव्याच्या काठाने चालायचं आणि मग अक्काकडे. चालता चालता धीर येईल अशी माझी समजूत.

धीर कसला येतोय! कालव्याच्या तोंडाशी पोचले आणि तिथेच मटकन बसले. पाणी नव्हतं असं नाही, होतं. काळं, दाट, जागच्या जागी उभं. त्यावर काफीच्या हॉटेलांतल्या उष्ट्या केळीच्या पानांचा थर, आणि एका बाजूला विजेच्या खांबाला टेकून कुणीतरी मेलेलं कुत्रं ठेवलेलं. ज्या पायऱ्यांवर आम्ही पाय ठेवायच्या आधी हात लावून कपाळाला लावत होतो, त्यांच्यातल्या तीन उरल्या होत्या. बाकीच्या कुणाच्या तरी घराच्या जोत्यात बसल्या असाव्यात. वर कुठे मोठं धरण झालं, आता पाणी साहेबाच्या हुकमाने सुटतं, असं तिथला एक म्हातारा सांगत होता. हा तो कालवा नाही, असं मी दोनदा मोठ्याने म्हटलं. तोच होता.

आमच्या वेळी त्याला सगळं गाव वायकाल म्हणे, आम्हीही तेच म्हणत असू. मराठी बोलणारी आम्ही चार-पाच घरं. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर कधी काळी इकडे आले आणि इथलेच झाले. राजे गेले, राज्य कंपनीने खालसा केलं, आणि आमच्याकडे उरली ती देवघरातली विठोबाची मूर्ती आणि ही जुनी बोली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुढे लग्नानंतर मी पुण्याची पुस्तकं वाचून वाचून लिहिण्याची मराठी शिकले, आता तीच हाताला येते. बोलायला लागले की मात्र आईची भाषा तोंडात येते आणि पुण्याहून येणारे पाहुणे गालातल्या गालात हसतात. हसू देत.

उन्हाळ्यात वायकाल कोरडा पडे. मग तो आम्हां पोरींचा रस्ताच. तळाच्या मऊ मातीतून अनवाणी चालत आम्ही एका आळीतून दुसऱ्या आळीत जायचो, वरून दिसणारी घरं खालून पाहायचो, कुणाच्या परसातला चिंचेचा आकडा हाताला लागतो ते बघायचो. आणि मग एका सकाळी माती ओली व्हायची. आधी नुसता वास. वाळलेल्या शेणाचा, कुजक्या पानांचा, कुठल्यातरी लांबच्या डोंगरातल्या मातीचा. त्यामागून पाण्याची एक बारीक जीभ, पुढे फेस, फेसात काटक्या आणि मुंग्या. आम्ही तिच्यापुढे ओरडत पळायचो. महिनाभरात वायकाल काठोकाठ तांबडा होऊन जायचा आणि अठरावी आडी यायची.

त्या दिवशी सगळ्या बायका नदीवर भात घेऊन जात. लिंबाचा भात, चिंचेचा भात, नारळाचा, दह्याचा. नदीला गूळ-तांदूळ, काळे मणी आणि ताडपत्राची कर्णफुलं वाहत, गळ्यात नवा पिवळा दोरा बांधून घेत. ज्या मुलीचं नांदणं नवं नवं असेल तिचे समारंभातले हार वाळवून जपून ठेवत आणि या दिवशी पाण्यात सोडत. हे सगळं शेजारणींचं, आम्ही ते उचललं. काळी पोत आमची, पिवळा दोरा या मातीचा, आमच्या बायका दोन्ही घालत. पण आमच्या चार-पाच घरांनी त्यात एक आपलंही घातलं होतं. नव्याने नांदायला गेलेल्या मुलीने त्या दिवशी नव्या पाण्याबरोबर चालायचं. कावेरीशी निघायचं, प्रत्येक पुलाशी थांबून हारातली थोडी फुलं सोडायची, आणि जमेल तितकं पुढे जायचं. जितकं लांब जाल तितकं चांगलं. कुणासाठी चांगलं, ते कुणी सांगत नसे, पण नवऱ्याच्या आयुष्यासाठी हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या साली चालायची पाळी अक्काची होती. लग्न तिचं लहानपणीच झालेलं. नांदायला गेली ती त्या वैशाखात, चौदाव्या वर्षी. तीन महिने सासरी राहिली आणि आडी लागताच परत आली, कारण आडीत नव्या जोडप्याला एकत्र ठेवत नाहीत. सासर तंजावरच्याही पलीकडे, रेल्वेने उतरून पुढे बैलगाडीने सात तास. मी अकरा वर्षांची. रोज दुपारी माजघरात चटई टाकून मी तिला खोदखोदून विचारायची आणि ती भिंतीकडे तोंड करून सांगायची. तेनी म्हणजे तो, तिचा एकोणीस वर्षांचा नवरा. तेनी झावळीची फिरकी करून देतात. तेनी भजनात इतके बेसूर म्हणतात की मृदंगवाला थांबतो. तेनी मागल्या दारी फणसाचे गरे लपवून ठेवतात आणि सासूबाई झोपल्या की खोकतात. हे शेवटचं सांगताना ती उशीत तोंड खुपसून इतकी हसायची की आई आतून विचारायची, काय चाललंय.

अठराव्या आडीच्या सकाळी मी दारात रांगोळीचं कोलम काढत होते. आई स्वयंपाकात, अप्पा पूजेत, अक्का न्हायला गेलेली. टपालवाला आला. रोज तो पाप्पा, म्हणजे पोरी, अशी हाक मारून पत्र माझ्या हातात द्यायचा आणि माझ्या कोलमची एक तरी चूक काढायचा. त्या दिवशी त्याने पत्र माझ्या हातात दिलं नाही. ओट्याच्या दगडावर ठेवलं आणि म्हणाला, "कोपरा बघ, पाप्पा. आत नेऊं नको. अप्पांना बोलाव." आणि मागे न बघता गेला.

पाकिटाला एक कोपरा नव्हता. अक्काच्या सासऱ्यांचं अक्षर मी ओळखत होते. त्यांच्या पत्रांना नेहमी चारी कोपऱ्यांना हळद असे. आज हळद नव्हती आणि चौथा कोपराच नव्हता.

याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळे. मरणाची बातमी लिहिलेलं पत्र कोपरा फाडून पाठवत, म्हणजे घेणाऱ्याने सावध व्हावं, ते घरात नेऊ नये, बाहेरच वाचावं, वाचून फाडावं आणि डोक्यावरून पाणी घ्यावं. आदल्या वर्षी गोकुळाष्टमीला असं एक पत्र आमच्याकडे आलेलं. अप्पांनी ते अंगणात वाचलं आणि आईने पायसाचं आख्खं पातेलं गोठ्यात ओतलं. त्या पायसासाठी मी रडले होते, माणसासाठी नाही. मग आमच्या शास्त्रीबुवांना मी विचारलं, पत्र उद्या वाचलं असतं तर? ते तंबाखू चोळत हसले. "तर सुतक उद्यांपासून, गे. ऐकल्यापासून सुतक. ऐकलेंच नाहीं त्याला काय बाधायचें?"

मी ते वाक्य विसरले नव्हते. तिथे, पिठाने भरलेल्या बोटांनी, मी हिशेब केला. पत्र उघडलं तर तो गेला. उघडलं नाही तर अजून गेला नाही. न्हाणीतला पाणी ओतल्याचा आवाज थांबला होता, नुसता शिकेकाईचा वास येत होता. खुंटीवर अक्काचं डाळिंबी पातळ काढून ठेवलेलं होतं. तिचे केस उद्या काढतील, हे मला एकदम, अंगावर थंड पाणी पडावं तसं कळलं. असे केस काढलेले मी पाहिलेले होते. आज नको. फक्त आज नको, उद्या काय करायचं ते करा. मी पाकीट उचललं, घडी केली आणि परकराच्या नाडीत पोटाशी खोवलं. मग राहिलेलं कोलम पुरं केलं. त्यात त्या दिवशी एकही चूक नव्हती.

आमच्याबरोबर अत्ते होती, अप्पांची बहीण, सहा मुलांची आई, आवाजाने पुलावरची कबुतरं उडवणारी. "चला गे पोरींनो! पाणी तुमच्यासाठीं थांबणार नाहीं!" तिच्या डोक्यावर भातांची पितळी, अक्काच्या हातात वाळलेल्या हारांची टोपली, माझ्या हातात काही नाही आणि पोटाशी ते.

चक्रपाणीच्या घाटावर इतकी गर्दी की पायरी दिसत नव्हती. ओलं सूत, कापूर, चुरगळलेला मरवा, सगळ्यांचा मिळून एक वास. तिथे अत्तेने अक्काला पूर्वेकडे तोंड करून बसवलं आणि नवा दोरा काढला. "तूं हें टोंक धर," मला म्हणाली. दोरा ओल्या हळदीचा, बोटांना पिवळं करणारा. एक टोक माझ्या हातात, एक अत्तेच्या, मध्ये अक्काची मान, न्हाऊन आलेली, मागे दोन बारीक केस चिकटलेले. अत्तेने गाठ मारली. भोवतीच्या बायकांनी अक्षता टाकल्या, अष्टपुत्रा म्हणाल्या. माझे दात एकमेकांवर वाजत होते. भर उन्हात, आडीच्या उकाड्यात. अक्काने वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय जालें गे तुला?" मी म्हटलं, भूक लागली.

मग आम्ही चालत गेलो. त्या दिवसाइतकं गाव मी पुन्हा कधी पाहिलं नाही. वायकाल आमच्या उजव्या हाताला, तांबडा, वेगात, आम्ही थांबलो की पुढे जाणारा. विड्याच्या पानांचे मळे काठाला लागलेले. आत गारवा, हिरवा काळोख आणि तिखट वास. एका मळेकरणीने अक्काच्या ओटीत पानं घातली. पुढे कांस्यकारांची आळी, तिथे सणाचं काम बंद असायचं, पण एका घरातून एकच हातोडी चालू होती. टण, टण, मग थांबायची, मग टण. अत्ते म्हणाली, मेल्याला सण ना वार. मला मात्र तो आवाज पोटात ऐकू येत होता. त्यापलीकडे रेशीम रंगवणारे. त्यांनी सकाळीच लाखेचा रंग पाण्यात सोडलेला आणि पन्नास पावलं वायकाल लालभडक. त्या लाल पाण्यात अक्काने ओंजळभर फुलं टाकली. ती फिरली, बुडाली, पुढे स्वच्छ पाण्यात वर आली. अक्का टाळ्या वाजवत होती.

ती त्या दिवशी फार हसली. मला ते बघवत नव्हतं. काठावरची मुलं लाकडाचे छोटे रथ दोरीने ओढत होती, त्यांतला एक तिने मागून घेऊन स्वतः ओढला, सासुरवाशीण असून, रस्त्यात. सारंगपाणीच्या गोपुराखाली उभी राहून मान मोडेपर्यंत वर बघत राहिली. मंडपात बसून आम्ही जेवलो, तिने चिंचेचा भात तीनदा घेतला. दर वेळी कुणी बाई येऊन तिला कुंकू लावे आणि तिच्या हातून लावून घेई, आणि दर वेळी मला वाटे, आता ओरडावं. त्या बायकांना सांगावं, हात लावू नका. पण सांगणं म्हणजे मारणं. मी पोटावर हात दाबून धरी. घामाने कागद मऊ पडत चालला होता.

महामहमच्या तळ्यापाशी अत्तेचे पाय भरून आले. "पोदुम्, पोरींनो. पुरें जालें. परत फिरूं," ती पायरीवर बसून पिंढऱ्या चोळत म्हणाली. ऊन कलायला लागलं होतं. बहुतेक मुली एवढ्यापर्यंतही येत नसत.

"अरसलारपर्यंत जाऊं," अक्का म्हणाली.

"खुळी काय? आणखी अर्धा कोस आहे."

"जाऊं गे अत्ते. मी तुझी पितळी घेतें. माझ्यासाठीं एवढें."

मला आत कुठेतरी बरं वाटलं. दिवस जितका लांबेल तितकं मला हवंच होतं. मीही अत्तेच्या मागे लागले. ती कुरकुरत उठली, आणि मोहोर नसलेल्या आंब्यांखालून, भाताच्या कोवळ्या रोपांमधून आम्ही गेलो. गावाचे आवाज मागे राहिले. वायकाल शेवटी अरसलारला मिळतो तिथे फारसा आवाजसुद्धा होत नाही, तांबडं पाणी करड्या पाण्यात शिरतं इतकंच. अक्काने टोपली उलटी केली. उरलेले हार एकदम गेले. ती तिथे बराच वेळ उभी राहिली आणि पाठमोरीच म्हणाली, "आत्तां चला."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण. अक्का आत गेली. अप्पा ओट्यावर होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि ते पाकीट काढून खाली दगडावर ठेवलं, टपालवाल्याने ठेवलं होतं तसं. त्यांनी कोपरा बघितला. उठून आडाचं पाणी काढलं, कळशी भरून जवळ ठेवली, उपरणं बाजूला टाकलं आणि मग पाकीट फोडलं. मोडीतली ती सहा-सात ओळींची चिठ्ठी त्यांनी उभ्याने वाचली. मी त्यांच्या कोपराखालून वाचली. मोडी त्यांनीच मला शिकवली होती.

"चिरंजीवास आठ दिवस ताप उतरत नाहीं. वैद्यानें हात टेकले. अखंड सुनेचें नांव घेतो. आडी असली तरी मुलीस पत्र पावतांच पाठवावें."

तो जिवंत होता! एक क्षणभर, मी खोटं सांगत नाही, मी हसले. मोठ्याने, आनंदाने हसले. कोपरा टपालाच्या थैलीत कुठेतरी घासून, भिजून गळून गेला होता, बाकी काही नाही. हळद लावायचं भान त्या घरात कुणाला असणार? मग अप्पांनी कागदावरून मान वर केली.

"कधीं आलें हें?"

"सकाळीं."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले. भरलेली कळशी त्यांच्या शेजारी तशीच. आत आई अक्काची दृष्ट काढत होती, मिरच्यांचा खाट बाहेर येत होता. दुपारची गाडी होती. दुपारच्या गाडीने गेलो असतो तर पहाटेच्या आत ती तिथे असती. हे दोघांनाही कळत होतं आणि दोघांनीही म्हटलं नाही. शेवटी अप्पा म्हणाले, "पत्र आत्तां आलें. समजलें? कोणी विचारलें तरी, आत्तां आलें."

ते पुढच्या गाडीने अक्काला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. तो पहाटे गेला होता, शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून. सासूने अक्काला पाहून पहिलं वाक्य म्हटलं ते असं, की माझा मुलगा मरत होता आणि ही पाण्यात फुलं सोडत होती. हे वाक्य त्या बाईने पुढे वर्षानुवर्षं म्हटलं, भेटेल त्याला म्हटलं, आणि अक्काने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीचं डोकं न्हाव्यापुढे धरणाऱ्या त्या सगळ्या हातांचा मला आजही संताप येतो. पण त्या संतापात मला पुरतं शिरताही येत नाही, कारण मध्ये माझा हात येतो.

अप्पांनी त्यानंतर मला कधी पत्र वाचायला दिलं नाही. विषयही काढला नाही. ते गेले तेव्हा मला वाटलं, आता हे जाणणारी एकटी मीच.

आज अरसलारपर्यंत पोचायला मला अडीच तास लागले. विड्याचे मळे गेले, तिथे तांदळाची गिरणी आहे. रंगाऱ्यांच्या आळीत सायकली भाड्याने मिळतात. दर थोड्या अंतरावर मी थांबत होते, आणि धीर यायचा सोडून उरलेला होता तोही गळत होता. शेवटी नदीत पाय न बुडवताच वळले आणि मठाच्या मागच्या दाराने अक्काच्या खोलीत गेले.

ती देवासाठी तुळस ओवत बसली होती. एकोणसाठ वर्षांची, डोक्यावरून तांबडं अळवण, हात मात्र अजून भराभर चालणारे. पाणी दे म्हटलं नाही, पाय धुतले नाहीत, दारातच खाली बसून मी सांगायला सुरुवात केली. टपालवाला, दगड, कोपरा, शास्त्रीबुवा, परकराची नाडी. दिवसभर कसं पोटाशी होतं, अप्पांनी कसं सांभाळून घेतलं. दुपारच्या गाडीचंही सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. ती ओवत होती.

"जालें सांगून?" ती म्हणाली.

"जालें."

"मी बघिटलें होतें."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"टपालवाला आला तेव्हां मी न्हाणीच्या झरोक्याशीं केस पुशीत होतें. त्यानें तुझ्या हातीं दिलें नाहीं, दगडावर ठेवलें, तेव्हांच कळलें मला. पाकीट तूं वळवून धरलेंस तेव्हां कोपरा नाहीं तें दिसलें. मग तूं तें परकरांत खोवलेंस." तिने सुईत दोरा ओढून घेतला. "मी हाक मारणार होतें."

"मग?"

"हाक मारली असती तर त्या घडीला तेनी गेले असते, गे. नाहीं मारली. म्हटलें, सांजपर्यंत असूं देत. जितकें चालूं तितके राहतील. अत्ते फिरूं म्हणाली, तरी पुढें मींच नेलें तुम्हांला."

अक्काने तीन वेळा घेतलेला चिंचेचा भात, ओढलेला रथ, टाळ्या, सगळं माझ्या डोळ्यांपुढे जागचं हललं आणि दुसरंच होऊन बसलं. ती दिवसभर एका मेलेल्या माणसाला जिवंत ठेवत होती, आणि तो माणूस रेल्वे आणि बैलगाडीच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला खरोखरच जिवंत होता.

"एवढीं वर्षें सांगितलें कां नाहींस?" मी ओरडलेच तिच्यावर. मठात कुणीतरी झांजा वाजवत होतं, ते थांबलं. "मी रोज मरत होतें. तूं एक शब्द बोलली असतीस तर!"

"बोललें असतें तर तूं मला माफ केलें असतेंस," ती म्हणाली. "तूं तशीच आहेस. मला तें नको होतें. यंदा म्हटलें, पुरें जालें, म्हणून कार्ड घातलें."

तिच्या हातातली माळ मी काढून घेतली, नाहीतर ती ओवतच राहिली असती. तिची बोटं थंडगार होती. आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून शेजारी बसलो. मी माफी मागायला आले होते. आता मागायला दोघी होतो, आणि ज्याच्याकडे मागायची तो एकोणीस वर्षांचा होता.